ऑटोराउटरने बोर्ड पूर्ण केला, डीआरसीतही चूक नाही; तरी रिले लागताच एडीसीचे वाचन का सरकते?

जलमापक

नमस्कार. शेतीपंपाच्या पाइपलाइनमधील दाब मोजून मोटर चालू-बंद करणारा एक नियंत्रक मी तयार करीत आहे. बोर्ड दोन लेयरचा आहे. बाहेरून 12 व्होल्टचा पुरवठा येतो, एलएम2596 हा रेग्युलेटर त्याचे 5 व्होल्ट करतो आणि पुढे एका लहान लिनिअर रेग्युलेटरमधून 3.3 व्होल्ट मिळतात. मायक्रोकंट्रोलर एसटीएम32एफ103 आहे. यूएलएन2003 या रिले चालवणाऱ्या आयसीमधून 5 व्होल्टचे चार रिले (विजेवर चालणारे स्विच) चालतात. त्यांपैकी तीन रिलेंच्या काँटॅक्टवर स्टार्टरमधील काँटॅक्टरच्या 230 व्होल्टच्या कॉइल आहेत आणि चौथ्यावर भोंगा आहे. दाबाचा सेन्सर 4 ते 20 मिलिअँपिअरचा असून 10 बारपर्यंत मोजतो. त्याचा प्रवाह 150 ओहमच्या रेझिस्टरमधून नेऊन त्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरमधील एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाने) वाचले जाते.

घटकांची मांडणी मी हाताने केली आणि राउटिंग, म्हणजे तांब्याचे ट्रॅक ओढून पॅड जोडण्याचे काम, ऑटोराउटर या आपोआप ट्रॅक ओढणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवले. सगळ्या नेटसाठी (एकमेकांना जोडायच्या पिनांचा एक गट म्हणजे एक नेट) ट्रॅकची रुंदी 0.4 मिलिमीटर आणि अंतर 0.2 मिलिमीटर एवढे दोनच नियम दिले होते. सर्व जोडण्या पूर्ण झाल्या, डीआरसीत (बोर्ड दिलेल्या नियमांत बसतो का हे पाहणाऱ्या तपासणीत) एकही चूक निघाली नाही, आणि नंतर दोन्ही लेयरवर ग्राउंडचे कॉपर पोअर (मोकळ्या जागेत पसरलेले तांबे) भरून मी फाईल कारखान्याकडे पाठवली. बोर्ड आले, प्रोग्रॅम चालतो, सर्व रिले लागतात. अडचण एवढीच आहे की एक रिले लागला की दाबाचे वाचन पाच-सहा काउंटने (एडीसीच्या आकड्यातील एककांनी) वर जाते आणि चारही लागले की वीस ते पंचवीस काउंटने. प्रोग्रॅममध्ये सरासरी काढणारा फिल्टर लावून पाहिला, पण वाचन स्थिर होऊनही चुकीच्याच जागी स्थिर होते.

मांडणी थोडी बदलून पुन्हा ऑटोराउटर चालवला, तर दोन-तीन जोडण्या शिल्लक राहतात, आणि दर वेळी त्या वेगळ्याच असतात. ऑटोराउटरची एखादी सेटिंग माझ्याकडून राहून जाते आहे काय? डीआरसी ज्या बोर्डला निर्दोष म्हणतो त्यात असा दोष कसा राहू शकतो, आणि रोज हेच काम करणारे लोक ऑटोराउटर वापरतात की नाही, हेही जाणून घ्यायचे आहे.

तांबेपत्रा

नमस्कार. आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले आहे. एका रिलेला पाच-सहा काउंट आणि चार रिलेंना वीस-पंचवीस, म्हणजे चूक रिलेंच्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढते आहे. बाहेरून येणारा नॉइज असा हिशेबाने वागत नाही. कुठेतरी तांब्याचा एक तुकडा रिलेंच्या प्रवाहासाठी आणि आपल्या मापनासाठी सामाईक झाला आहे, आणि त्या तुकड्यावर पडणारे व्होल्टेज एडीसी इमानाने मोजतो आहे.

कृपया बोर्डच्या फाईलमध्ये पुढील गोष्ट पाहा. 150 ओहमच्या रेझिस्टरचे ग्राउंडकडचे पॅड कोणत्या पॅडला जाऊन मिळाले आहे? माझा अंदाज असा की ते यूएलएन2003 च्या 8 क्रमांकाच्या पिनेला, म्हणजे रिलेंचा सगळा प्रवाह जिथून ग्राउंडला परततो तिथे मिळाले असेल, आणि तिथून पुढे रेग्युलेटरपर्यंत एकच ट्रॅक गेला असेल. तसे असेल तर गणित मांडता येते. 1 औंस तांब्याची जाडी 35 मायक्रॉन असते आणि अशा पत्र्याचा रोध प्रत्येक चौरसाला सुमारे अर्धा मिलिओहम धरतात. 0.4 मिलिमीटर रुंदीचा आणि समजा 60 मिलिमीटर लांबीचा ट्रॅक म्हणजे असे 150 चौरस एकापुढे एक, म्हणजेच 75 मिलिओहम. साध्या 5 व्होल्टच्या रिलेची कॉइल 70 ओहमच्या आसपास असते; यूएलएन2003 मध्ये सुमारे 0.9 व्होल्ट पडतात हे वजा केले तर एका रिलेला 59 मिलिअँपिअर आणि चारांना सुमारे 235 मिलिअँपिअर लागतात. 75 मिलिओहममधून एवढा प्रवाह गेला की 17 ते 18 मिलिव्होल्ट पडतात. आपला एडीसी 12 बिटांचा आहे आणि संदर्भ 3.3 व्होल्टचा, तेव्हा एक काउंट म्हणजे 0.8 मिलिव्होल्ट, 17.6 मिलिव्होल्टचे 22 काउंट होतात. दाबाच्या भाषेत ही चूक साधारण 0.07 बार होते. फिल्टरने ती जाणार नाही, कारण रिले लागलेला असेपर्यंत ती तशीच टिकून राहते.

ताळा पाहायचा असेल तर चारही रिले लावून ठेवा, मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर घ्या, एक टोक त्या रेझिस्टरच्या ग्राउंड पॅडवर आणि दुसरे मायक्रोकंट्रोलरच्या व्हीएसएसए (अॅनालॉग ग्राउंडच्या) पिनेवर धरा. दोन्ही ठिकाणांचे नाव स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) जीएनडी, म्हणजे ग्राउंड, हेच आहे, तरी तिथे शून्य दिसणार नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडून एखादी सेटिंग राहून गेली असे मी म्हणणार नाही. ऑटोराउटरला नेटलिस्ट मिळते, आणि नेटलिस्टमध्ये इतकेच लिहिलेले असते की अमुक पॅड एकमेकांना जोडलेली असावीत. कोणत्या क्रमाने, कोणाचा प्रवाह कोणाच्या वाटेने, कोणता तुकडा सामाईक असता कामा नये, यांपैकी काहीही तिथे नसते. पडद्यावर दिसणाऱ्या रॅट्सनेस्टच्या, म्हणजे अजून व्हायच्या जोडण्या दाखवणाऱ्या, रेषादेखील केवळ अंतर पाहून, सर्वांत जवळचे पॅड निवडून काढलेल्या असतात. आपल्या रेझिस्टरला यूएलएन2003 ची आठवी पिन जवळ होती, म्हणून तो तिला जोडला गेला. जोडणी झाली, अंतराचा नियम पाळला गेला, आणि डीआरसी नेमक्या याच दोन गोष्टी तपासत असल्याने त्यालाही आक्षेप घेण्यासारखे काही सापडले नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट एलएम2596 च्या फीडबॅक पिनेची आहे. आपण 5 व्होल्टचा ठरीव प्रकार वापरला असेल तर त्याची चौथी पिन स्कीमॅटिकमध्ये थेट 5 व्होल्टच्या नेटला जोडलेली असते. ती आउटपुट कपॅसिटरपाशीच जोडायची असते, म्हणजे रेग्युलेटर तिथले व्होल्टेज सांभाळतो. ऑटोराउटरच्या दृष्टीने मात्र 5 व्होल्टचे कोणतेही पॅड सारखेच. तो ती पिन वाटेतल्या एखाद्या रिलेच्या कॉइलला नेऊन भिडवील किंवा इंडक्टरच्या खालून ओढून नेईल. कृपया तीही पाहून घ्या.

रेषाशोध

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अल्गोरिदम शिकवते, त्यामुळे जोडण्या शिल्लक का राहतात आणि दर वेळी वेगळ्या का राहतात, या भागावर थोडे विस्ताराने लिहिते.

बहुतेक ऑटोराउटरांच्या मुळाशी असलेली कल्पना सी. वाय. ली यांनी 1961 मध्ये मांडली. बोर्डवर बारीक चौकटींचे जाळे आहे असे समजा. ज्या पॅडपासून निघायचे त्याच्या शेजारच्या मोकळ्या चौकटींना 1, त्यांच्या शेजारच्यांना 2, असे आकडे देत जायचे. पाटाचे पाणी अडथळ्यांना वळसा घालत शेतात पसरावे तसे हे आकडे पसरत जातात आणि लक्ष्याच्या पॅडला टेकले की उतरत्या आकड्यांवरून मागे येत वाट काढायची. या पद्धतीचे गुण खरोखर मोठे आहेत. वाट असेल तर ती सापडतेच, आणि सापडते ती त्या जाळ्यातील सर्वांत लहान असते. पुढे 1969 मध्ये हायटॉवर यांनी चौकटींऐवजी रेषा टाकत जाण्याची पद्धत सुचवली. तिला स्मृती कमी लागते, पण वाट असूनही ती सापडेलच याची हमी हायटॉवर यांच्या या पद्धतीच्या मूळ रूपात राहत नाही.

लीची हमी मात्र एका वेळी एकाच जोडणीपुरती आहे. पहिली जोडणी स्वतःची सर्वांत लहान वाट घेते आणि त्या क्षणापासून ती पुढच्या सर्व जोडण्यांसाठी भिंत बनते. म्हणून कोणत्या क्रमाने जोडण्या घ्यायच्या यावर सगळे अवलंबून राहते, आणि क्रम किती असू शकतात याचा विचार केला तर केवळ 100 जोडण्यांच्या क्रमांची संख्या 158 अंकी होते. इतके क्रम कोणताही संगणक तपासू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक ऑटोराउटर काही अंदाजांवर क्रम ठरवतो, अडला की आधीचे काही ट्रॅक उपटतो, त्यांची वाट महाग करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आपण एखादा घटक दोन मिलिमीटर सरकवला की क्रम बदलतो, भिंती दुसरीकडे उभ्या राहतात आणि कोंडलेली जोडणीही दुसरीच असते. शेवटी शिल्लक राहणाऱ्या दोन-तीन जोडण्या स्वभावतः अवघड असतात असे नव्हे. त्यांच्या वाटा आधीच्यांनी अडवलेल्या असतात.

ज्या ठिकाणी ऑटोराउटर हतबल होतो, तिथे माणूस काय करतो हे पाहण्यासारखे आहे. यूएलएन2003 मध्ये सात सारखेच मार्ग आहेत. दोन रिलेंचे ट्रॅक एकमेकांना ओलांडत असतील तर माणूस स्कीमॅटिक उघडतो, दोन मार्गांची अदलाबदल करतो आणि ओलांडणेच नाहीसे होते. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या पोर्ट पिनांचेही तसेच. प्रोग्रॅममधील दोन ओळी बदलल्या की चार व्हाया (ट्रॅकला एका लेयरवरून दुसऱ्यावर नेणारी छिद्रे) वाचतात. कधी तो रेझिस्टर 90 अंशांत फिरवतो, आणि त्याच रेझिस्टरच्या दोन पॅडांच्या मधून दुसरा ट्रॅक निघून जातो. काही महागड्या साधनांत पिनांची अदलाबदल सुचवण्याची सोय असते, पण कोणत्या पिना अदलाबदलीला मोकळ्या आहेत हे तिथेही आधी आपणच सांगावे लागते. दिलेल्या नेटलिस्टशी आणि दिलेल्या मांडणीशी साधा ऑटोराउटर बांधलेला असतो. राउटिंग करणारा माणूस प्रश्नच बदलत असतो, आणि अनुभवी माणसाचा बोर्ड मोकळा दिसतो तो मुख्यत्वे यामुळे.

आणखी एक तपशील आपल्या कॉपर पोअरशी संबंधित आहे. दोन लेयरवर काम करताना बहुतेक ऑटोराउटर एका लेयरवर आडवे आणि दुसऱ्यावर उभे ट्रॅक नेणे पसंत करतात, कारण त्याने ओलांडण्या सहज सुटतात. परिणामी खालच्या लेयरवर उभ्या रेषांच्या पट्ट्या पडतात. त्यानंतर भरलेले तांबे दिसायला भरगच्च दिसते, पण त्याचे तुकडे झालेले असतात. वरचा लेयर पूर्ण लपवून केवळ खालचे तांबे पडद्यावर ठेवा आणि यूएलएन2003 च्या आठव्या पिनेपासून रेग्युलेटरच्या ग्राउंडपर्यंत तांब्यावरून न तुटता जाता येते का, हे बोटाने शोधून पाहा.

जलमापक

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सर, आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. रेझिस्टरचे ग्राउंड पॅड आठव्या पिनेलाच मिळाले आहे आणि तिथून रेग्युलेटरपर्यंतचा ट्रॅक 60 मिलिमीटरला थोडासाच कमी आहे. चारही रिले लावून मोजले तेव्हा रेझिस्टरचे ग्राउंड आणि व्हीएसएसए यांच्यामध्ये 18 मिलिव्होल्ट दिसले. आठव्या पिनेपासून रेग्युलेटरच्या ग्राउंड पॅडपर्यंत अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरची एक वायर मागच्या बाजूने सोल्डर केली, तर ते 1 मिलिव्होल्टच्या खाली आले आणि वाचन फार तर एका काउंटने हलते.

मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे केवळ खालचे तांबे पाहिले. रिलेंकडे जाणाऱ्या ट्रॅकांमुळे ते उभे चिरले गेले आहे आणि यूएलएन2003 च्या खालचा तुकडा रेग्युलेटरकडच्या तुकड्याशी कुठेच जोडलेला नाही. दोन्ही ठिकाणी जीएनडी लिहिलेले असल्याने ते मला सलग वाटले होते. फीडबॅक पिनही आउटपुट कपॅसिटरऐवजी पहिल्या रिलेच्या कॉइलला जाऊन मिळाली आहे.

आता बोर्ड नव्याने करायचा आहे. पूर्ण हाताने करावा की काही भाग ऑटोराउटरला द्यावा, यावर मार्गदर्शन करावे.

चाचणीकक्ष

चर्चा योग्य दिशेने चालली आहे, परंतु यातून ऑटोराउटर निरुपयोगी आहे असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून लिहितो. मी कारखान्यांसाठी तपासणीचे जिग (तयार बोर्ड ज्यावर टेकवून तपासतात ते साचे) बनवतो. त्यांत दोनशे-अडीचशे स्प्रिंग पिनांपासून कनेक्टरपर्यंत सरळ जोडण्या असतात, प्रवाह अगदी कमी आणि वेग मंद. असा बोर्ड हाताने करण्यात वेळ घालवणे मला पटत नाही. कळफलक, एलईडीच्या ओळी, रिले कार्डाची कंट्रोलकडची बाजू यांतही ऑटोराउटर उत्तम काम देतो.

त्याचा दुसरा उपयोग मांडणी तपासण्याचा आहे, आणि तो मी जवळजवळ प्रत्येक बोर्डवर करतो. मांडणी झाली की ऑटोराउटर एकदा धावू द्यायचा, ट्रॅक कुठे दाटतात, व्हाया कुठे गर्दी करतात ते पाहायचे आणि सगळे राउटिंग पुसून टाकायचे. चांगल्या मांडणीत ऑटोराउटर फारसा अडखळत नाही. तो जिथे अडखळतो, तिथे सहसा एखादा कनेक्टर उलट्या बाजूला बसलेला असतो किंवा एखादा आयसी फिरवायला हवा असतो.

मोठ्या कंपन्यांत महागडी साधने वापरतात, त्यांत ऑटोराउटरला कितीतरी अधिक सांगता येते: डिफरन्शियल पेअर (एकाच सिग्नलचे जोडीने जाणारे दोन ट्रॅक), ट्रॅकची कमाल लांबी, मेमरीच्या डेटा लाइनची समान लांबी, पॅडांचा क्रम. एफआर4 या बोर्डच्या नेहमीच्या पदार्थावर सिग्नलला 1 मिलिमीटर जायला सहा-सात पिकोसेकंद लागतात, तेव्हा वेगवान मेमरीच्या डझनावारी लाइनची लांबी काही मिलिमीटरच्या आत जुळवण्यासाठी यंत्राची मदत मोलाचीच ठरते. तिथेही नियम माणसालाच लिहावे लागतात, आणि ते नीट लिहायला पुष्कळ वेळ जातो. पण एकदा लिहिले की पुढच्या आवृत्तीत तेच नियम पुन्हा कामी येतात. आपल्या बोर्डसाठी एवढे नियम लिहीत बसण्यापेक्षा ट्रॅक ओढणे लवकर होईल हे मात्र मी मान्य करतो.

मोफत साधनांबद्दल दोन वाक्ये. केआयकॅड या बोर्ड आखण्याच्या मोफत साधनामध्ये आज स्वतःचा ऑटोराउटर नाही. डीएसएन फाईल काढून फ्रीराउटिंग या वेगळ्या ऑटोराउटरला द्यायची आणि त्याने दिलेली एसईएस फाईल परत आत घ्यायची, असा रिवाज आहे. केआयकॅडमध्येच असलेला, आपण ट्रॅक ओढू लागलो की शेजारचे ट्रॅक बाजूला सारणारा परस्परसंवादी राउटर मात्र फारच चांगला आहे. त्याच्या घडणीत सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेतील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. वाट कोणती घ्यायची हे माणूस ठरवतो आणि अंतर राखण्याचे कंटाळवाणे काम संगणक करतो, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते.

तांबेपत्रा

‘चाचणीकक्ष’ यांचे म्हणणे रास्त आहे, आणि जिगचे उदाहरण अगदी नेमके आहे. ज्या बोर्डवर ‘जोडले आहे’ एवढेच पुरेसे असते, तिथे ऑटोराउटर पुरेसा असतो. आपल्या नियंत्रकात असा भाग निम्म्याहून थोडा कमी असावा.

नव्या बोर्डसाठी सुरुवात रेग्युलेटरपासून करावी, आणि तो भाग पूर्णपणे हाताने करावा. एलएम2596 सारख्या बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये इनपुट कपॅसिटरमधून निघणारा प्रवाह आतल्या स्विचमधून इंडक्टरकडे जातो आणि स्विच बंद झाला की तोच प्रवाह ग्राउंडपासून डायोडमधून वाहू लागतो. म्हणजे कपॅसिटर, आयसी, डायोड आणि कपॅसिटरचे ग्राउंड या वळणात प्रवाह एकदम सुरू होतो आणि एकदम थांबतो. ट्रॅकच्या प्रत्येक मिलिमीटरला ढोबळमानाने 1 नॅनोहेन्री इंडक्टन्स धरतात. त्या वळणात वायफळ 20 मिलिमीटर शिरले आणि 3 अँपिअर 50 नॅनोसेकंदांत बदलले, तर 20 नॅनोहेन्रीवर 1.2 व्होल्टचा टोकदार झटका उठतो, आणि एलएम2596 च्या 150 किलोहर्ट्झच्या गतीने तो सेकंदाला दीड लाख वेळा उठत राहतो. आपला प्रवाह 3 अँपिअर नसेल, पण तत्त्व तेच राहते. म्हणून कपॅसिटर, आयसी आणि डायोड एकमेकांना चिकटून बसवा आणि रुंद तांब्याने जोडा. ऑटोराउटर हा भागदेखील 0.4 मिलिमीटरच्या ट्रॅकने जोडतो आणि त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. रुंदीबद्दल अंदाज हवा असेल, तर बाहेरच्या लेयरवर 1 औंस तांब्यात 3 अँपिअर नेऊन तापमान 10 अंशांनीच वाढू द्यायचे असेल, तेव्हा आयपीसी-2221 या बोर्डविषयक मानकाच्या सूत्राने सुमारे 1.4 मिलिमीटर रुंदी लागते. जागा असेल तिथे याहूनही रुंद ठेवा.

त्यानंतर मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक पुरवठा पिनेशेजारचे 100 नॅनोफॅरडचे डिकपलिंग कपॅसिटर, क्रिस्टल आणि त्याचे दोन कपॅसिटर, आणि दाबाच्या सेन्सरची संपूर्ण वाट हाताने करा. क्रिस्टलचे ट्रॅक व्हायामधून खाली जाऊ देऊ नका. 150 ओहमच्या रेझिस्टरचे ग्राउंड व्हीएसएसए जवळ, रिलेंच्या प्रवाहाच्या वाटेबाहेर न्या. ही वाट पुढेही टिकून राहावी असे वाटत असेल तर स्कीमॅटिकमध्ये नेट-टाय वापरा: मापनाच्या ग्राउंडला वेगळे नाव द्या आणि ते मुख्य ग्राउंडला एकाच ठिकाणी नेट-टायने जोडा. म्हणजे जी गोष्ट आजवर आपल्या डोक्यात होती ती नेटलिस्टमध्ये उतरते, आणि ती मोडली तर डीआरसी तक्रार करतो. फीडबॅक पिनेसाठीही हीच युक्ती चालते.

खालचा लेयर शक्यतो अखंड ग्राउंडसाठी राखून ठेवा. शेकडो किलोहर्ट्झ आणि त्यावरचा परतीचा प्रवाह ट्रॅकच्या अगदी खालून परतू पाहतो, कारण तिथे वळण सर्वांत लहान असते. खालचे तांबे चिरलेले असेल तर त्याला चिरेला वळसा घालावा लागतो आणि त्या वाटेत जे येईल ते त्याच्याबरोबर थरथरते. अगदी नाइलाज असेल तिथे खाली आखूड उडी मारून लगेच वर यावे.

एवढे झाले की हे सर्व ट्रॅक लॉक करा, खालच्या लेयरवर कीपआउट (ट्रॅक नेण्यास मनाई असलेला भाग) टाका, पुरवठ्याच्या नेटना रुंद ट्रॅकचा वेगळा नेट क्लास द्या, ऑटोराउटरच्या हिशेबातली व्हायाची किंमत वाढवा (म्हणजे तो त्या टाळू पाहील), आणि मग उरलेले एलईडी, बटणे, डिस्प्ले, यूएलएन2003 च्या इनपुट लाइन खुशाल ऑटोराउटरला द्या. फाईल परत आल्यावर लॉक केलेले ट्रॅक जागचे हलले नाहीत ना, हे आधी पाहावे.

एका गोष्टीविषयी मला खरी काळजी वाटते, कारण ती मोजमापाच्या चुकीपेक्षा गंभीर आहे. आपण सर्व नेटना 0.2 मिलिमीटर अंतर दिले होते, आणि त्यांत 230 व्होल्टच्या नेटही आल्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चौकोनी 5 व्होल्टच्या रिलेमध्ये कॉमनची (काँटॅक्टची सामाईक) पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधल्या बाजूला असते. कॉइलचा ट्रॅक ऑटोराउटरने त्या दोन पिनांमधून सरळ नेला, तर तो 230 व्होल्टच्या पॅडला खेटून जातो आणि नियमानुसार ते चालते. मेनच्या बाजूसाठी वेगळा नेट क्लास करून तिथून कमी व्होल्टेजच्या कोणत्याही तांब्यापर्यंत निदान 6 मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रयत्न करा. रिलेच्या पिनांमुळे ते शक्य नसेल तिथे कॉमनच्या पॅडभोवती बोर्डमध्ये खाच कापून घेतात, आणि पिनांतले अंतर अधिक असलेला रिले मिळाला तर तोच घ्यावा. त्या पट्ट्यातून ग्राउंडचे कॉपर पोअरही काढून टाका. हा नियंत्रक ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी असणार आहे, म्हणून आताचे बोर्ड मेनला जोडण्यापूर्वी रिलेखालचा प्रत्येक ट्रॅक डोळ्यांखालून घालावा, ही विनंती.

जलमापक

आपण म्हणता तसा एक ट्रॅक दुसऱ्या रिलेखाली सापडला. कॉमनच्या पॅडपासून तो 1 मिलिमीटरवरही नाही. मेनची जोडणी अद्याप केलेली नव्हती. हे बोर्ड आता केवळ 12 व्होल्टवर टेबलावर चालवीन.

शेवटची शंका विचारतो. चार लेयरचा बोर्ड घेतला, आतला एक लेयर पूर्ण ग्राउंडला दिला आणि राउटिंग ऑटोराउटरकडेच ठेवले, तर हे प्रश्न सुटतील काय?

तांबेपत्रा

ग्राउंडचा प्रश्न बहुतांशी सुटेल. आतला अखंड लेयर साधारणपणे वरच्या लेयरच्या 0.2 मिलिमीटर खाली असतो, दोन लेयरच्या बोर्डात हेच अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे परतीची वळणेही पुष्कळ लहान होतील. आपल्याला आढळलेले 18 मिलिव्होल्टही एका मिलिव्होल्टच्या आसपास येतील. फीडबॅक पिन मात्र तेव्हाही जवळच्या रिलेला जाऊ शकते, इनपुट कपॅसिटर आणि डायोड यांच्यातील अंतर मांडणीवरच ठरते, आणि 230 व्होल्टच्या पॅडखालून आतल्या ग्राउंडचे तांबे काढायला आपणच सांगावे लागते. ते राहून गेले तर धोका पूर्वीपेक्षा वाढतो, कारण आतले तांबे वरून दिसत नाही. दोन लेयरवर, खालचे ग्राउंड अखंड ठेवून, हा बोर्ड चांगला होण्यासारखा आहे. मांडणी झाली की राउटिंग सुरू करण्यापूर्वी तिचे चित्र इथे टाका, रिले आणि रेग्युलेटर यांच्या जागा आधी पाहून घेऊ.